ऋणाचा उत्कर्ष आणि लोकांचा विश्वास

व्यापाऱ्याला कर्जाचे वावडे नाही. ज्याने पेढी चालविली त्याने कर्ज घेतले आहे आणि दिलेही आहे. हंगामात माल भरावयाचा, तीन-चार महिन्यांत तो विकावयाचा, मुद्दल व्याजासह परत करावयाचे आणि उरेल तो नफा जमेस धरावयाचा, ह्या व्यवहारात लाज वाटावी असे काही नाही. उलट अशा व्यवहारानेच पत वाढते. परंतु त्याच पेढीवर दुसऱ्या जातीचेही कर्ज येऊ शकते. दुकानाची दर्शनी बाजू संगमरवरी करावी, लग्नात गावजेवण घालावे आणि जुन्या कर्जाचा हप्ता नव्या कर्जातून भरावा. रोजमेळात दोन्ही रकमा जमेच्याच बाजूस पडतात. त्या दिवशी तिजोरी दोन्ही वेळा सारखीच भरलेली दिसते. फरक कळतो तो मुदत भरल्यावर.

राष्ट्रांची गोष्ट ह्याहून फारशी निराळी नाही. रस्ते झाले, बंदरे झाली, राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा फुगला, की त्यास आपण उत्कर्ष म्हणतो. पण हा उत्कर्ष कमाईचा की उसनवारीचा, असा संशय अलीकडच्या काळात अनेक देशांतील सामान्य माणसांच्या मनात उत्पन्न झाला आहे. हा संशय अडाणीपणाचा आहे असे म्हणून तो उडवून लावण्याची प्रथा तज्ज्ञांत आणि राज्यकर्त्यांत पडली आहे. आमच्या मते ती चूक आहे. हा संशय म्हणजे सावकाराने कुळाची वही पाहावयास मागण्यासारखा आहे. तो रास्त आहे, आणि वेळेवर मांडला गेला तर देशाचे रक्षण करणारा आहे.

ह्या लेखात आम्ही श्रीलंकेच्या अनुभवाचा विचार करणार आहोत. हा देश आपला शेजारी आहे. नाशिककडचा कांदा कोलंबोच्या बाजारात विकला जातो. शिवाय उत्कर्ष, दिवाळे आणि सत्तांतर हे संपूर्ण चक्र तेथे अवघ्या पंधरा वर्षांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत पुरे झाले. त्यामुळे अभ्यासास ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

उत्कर्षाचा काळ

सव्वीस वर्षे चाललेले यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपले. त्यानंतरची दोन-तीन वर्षे राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ दरसाल आठ-नऊ टक्क्यांनी झाली. शांततेचा लाभ मोठा होताच. परंतु त्यास कर्जाचीही जोड होती. पूर्वी श्रीलंकेला मिळणारी परदेशी कर्जे बहुतांशी जपान, जागतिक बँक, आशियाई विकास बँक अशा ठिकाणांहून येत. त्यांचे व्याज अल्प आणि मुदत तीस-चाळीस वर्षांची असे. देशाचे दरडोई उत्पन्न वाढू लागले तशी ही सवलत आटत गेली. २००७ मध्ये श्रीलंकेने परदेशी बाजारात प्रथमच ५० कोटी डॉलरचे सरकारी रोखे विकले. पुढे ही सवय जडली, आणि २०२१ च्या अखेरीस अशा रोख्यांची रक्कम १,२०० कोटी डॉलरच्या वर गेली होती. ह्या रोख्यांची मुदत पाच-दहा वर्षांची, व्याज बाजारभावाचे, आणि मुदत भरताच संपूर्ण मुद्दल एकरकमी द्यावयाचे.

ह्याच काळात दक्षिण किनाऱ्यावर हंबनटोटा येथे चिनी कर्जाने मोठे बंदर झाले. त्याचे उद्घाटन २०१० मध्ये झाले. २०१३ मध्ये जवळच मट्टल येथे विमानतळ झाला. विमानांच्या अभावी तो जगातील सर्वांत रिकामा विमानतळ म्हणून प्रसिद्धीस आला. तरीही आकडे चांगले दिसत होते. जुलै २०१९ मध्ये जागतिक बँकेने श्रीलंकेची गणना उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांत केली. पुढच्याच वर्षी ती पुन्हा खालच्या वर्गात करावी लागली.

हिशेबातील तीन दोष

कर्ज काढणे हाच दोष, असे आम्ही म्हणत नाही. आगगाडीचे रूळ, धरणे, वीजघरे ही कर्जावाचून कोणत्याच देशात झालेली नाहीत. दोष कर्जाच्या जोडणीत होता, आणि तो कोणत्याही जुन्या मुनिमाच्या नजरेत भरला असता.

पहिला दोष चलनाचा. कर्ज डॉलरचे आणि कमाई रुपयांची. बंदराला, विमानतळाला, रस्त्याला जे उत्पन्न होईल ते बहुतांशी देशी चलनात. व्याज मात्र परकी चलनात. चहा, तयार कपडे, प्रवासी आणि आखाती देशांत कष्ट करणाऱ्या श्रीलंकन स्त्रीपुरुषांनी घरी पाठविलेला पैसा, एवढीच डॉलरची आवक. ती कर्जाच्या वेगाने वाढली नाही.

दुसरा दोष मुदतीचा. जी कामे फळास येण्यास वीस-पंचवीस वर्षे लागतात त्यांच्या काळात पाच-दहा वर्षांचे रोखे फेडावयाचे, म्हणजे आंब्याची कलमे लावण्यासाठी हंगामी उचल घेण्यासारखे आहे. झाड धरण्याआधीच सावकार दारात येतो, आणि मग जुना रोखा फेडण्यास नवा रोखा लिहावा लागतो.

तिसरा दोष उत्पन्नाचा, आणि तो सर्वांत मोठा. सरकारचे खरे उत्पन्न म्हणजे कर. २०१९ मध्ये श्रीलंकेचा करमहसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे साडेअकरा टक्के होता. तोही शेजारच्या देशांच्या मानाने कमीच. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात गोटाबाया राजपक्षे अध्यक्षपदी निवडून आले आणि निवडणुकीतील वचनाप्रमाणे कर कमी झाले. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. हा कर लागू होण्याची वार्षिक उलाढालीची मर्यादा १ कोटी २० लाख रुपयांवरून ३० कोटींवर नेण्यात आली. २०२१ पर्यंत करमहसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्याही खाली घसरला. जो काही महसूल येत होता त्यातील सुमारे सत्तर टक्के निव्वळ व्याजात जात होता. शंभर रुपये गल्ल्यात आले की सत्तर व्याजाला द्यावयाचे आणि उरलेल्या तिसांत शाळा, दवाखाने, पगार, पोलीस सर्व भागवावयाचे. अशा पेढीला आपल्यापैकी कोणी उधार माल दिला असता काय?

पत बुडाली ती कशी

एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी झालेल्या बाँबस्फोटांनी प्रवासी व्यवसायास धक्का दिला होता. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने तो बंदच पाडला. करकपातीमुळे पत खालावली होती, त्यामुळे परदेशी बाजारात नवे रोखे विकता येईनात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. सेंद्रिय शेतीचे कारण पुढे केले गेले, तरी डॉलर वाचविणे हाही त्यातील हेतू मानला गेला. भाताचे पीक घटले, चहाला फटका बसला, आणि नोव्हेंबरात ती बंदी मागे घ्यावी लागली.

२०१९ च्या अखेरीस परकीय चलनाची गंगाजळी सुमारे ७६० कोटी डॉलर होती. ती झपाट्याने आटत असतानाही जानेवारी २०२२ मध्ये ५० कोटी डॉलरचा एक रोखा वेळेवर फेडण्यात आला. आलेली हुंडी परत जाऊ देऊ नये, हा बाणा व्यापाऱ्याच्या ओळखीचा आहे. पण घरात दाणा नसता शेवटची रोकड हुंडीला दिली तर पत राहत नाही, फक्त दिवाळे दोन महिने पुढे जाते. मार्च २०२२ मध्ये कागदाच्या टंचाईमुळे पश्चिम प्रांतातील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या महिन्याच्या अखेरीस वीज दिवसाकाठी तेरा-तेरा तास जाऊ लागली. डॉलर न मिळाल्याने जीवनावश्यक मालाचे शेकडो कंटेनर कोलंबो बंदरात अडकून पडले. पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागल्या. एका डॉलरला सुमारे दोनशे रुपये हा बळेच टिकविलेला हुंडणावळीचा दर मार्चमध्ये सोडून द्यावा लागला, आणि मे महिन्यापर्यंत तो तीनशे साठच्या घरात गेला.

१२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबविल्याचे जाहीर केले. एकूण परदेशी कर्ज सुमारे ५,१०० कोटी डॉलर होते. १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यापासून श्रीलंकेवर असा प्रसंग कधी आला नव्हता. मेच्या आरंभी अर्थमंत्र्यांनी संसदेस सांगितले की हाताशी वापरण्याजोगे पाच कोटी डॉलरही उरलेले नाहीत. सप्टेंबरमध्ये कोलंबोतील भाववाढ वर्षाकाठी सत्तर टक्क्यांस टेकली.

राज्यकारभारावरील परिणाम

एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस ह्या समुद्रकिनाऱ्यावरील मैदानात लोक तळ देऊन बसले. ९ मे रोजी पंतप्रधान महिंद राजपक्षे ह्यांनी राजीनामा दिला. ९ जुलैला जमाव अध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. १३ जुलैला अध्यक्ष गोटाबाया देशाबाहेर गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडले. अडीच वर्षांपूर्वी ज्यांनी प्रचंड बहुमत दिले त्याच लोकांनी हे घडवून आणले. ह्या घटनांतून चार गोष्टी शिकण्याजोग्या आहेत.

पहिली अशी की कर्ज राज्यकर्त्यास प्रजेच्या प्रश्नांपासून काही काळ सुटका मिळवून देते. कर घ्यावयाचा तर तो का व कशासाठी हे लोकांस सांगावे लागते. कर्ज घेताना सांगावे लागत नाही. आज देणगी मिळाल्यासारखे वाटते आणि देणे पुढच्या सरकारच्या नावे पडते. कर कमी करून आणि खर्च वाढवून जी लोकप्रियता मिळते ती उसनी असते. उसनवारी थांबली की लोकप्रियताही थांबते, आणि मग राग एका पक्षावर न राहता सर्व जुन्या पक्षांवर जातो. श्रीलंकेत नेमके तेच झाले. २०१९ च्या निवडणुकीत ज्या अनुर कुमार दिसानायके ह्यांस सुमारे तीन टक्के मते होती, ते सप्टेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष झाले. त्यांच्या आघाडीला २०२० मध्ये संसदेत केवळ ३ जागा होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये २२५ पैकी १५९ मिळाल्या.

दुसरी गोष्ट अशी की कर्ज फेडावयाची वेळ येते तेव्हा ज्यांनी सही केली नाही त्यांच्याकडून ते फेडून घेतले जाते. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३०० कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले, आणि त्याच्या अटीही आल्या. जो मूल्यवर्धित कर ८ टक्क्यांवर आणला होता तो टप्प्याटप्प्याने वाढत जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्के झाला. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्के आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा ६६ टक्के वाढले. २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली तेव्हा बँकांजवळचे रोखे वगळले गेले. कामगारांच्या निर्वाहनिधीला मात्र आपल्या रोख्यांवर कमी व्याज पत्करावे लागले. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये शंभरांत तेरा माणसे दारिद्र्यात होती. २०२२ मध्ये ती पंचवीस झाली.

तिसरी गोष्ट मताधिकाराची. मार्च २०२३ मध्ये व्हावयाच्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका खजिन्यात पैसा नाही ह्या कारणाने लांबल्या. हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय, असा निर्णय त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला, आणि त्या निवडणुका अखेर मे २०२५ मध्ये झाल्या. कर्ज प्रथम पैसा नेते, मग भाकरी नेते आणि शेवटी मतपेटीही नेऊ पाहते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

चौथी गोष्ट मालमत्तेच्या ताब्याची. २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर एका चिनी कंपनीस ९९ वर्षांच्या पट्ट्याने ११२ कोटी डॉलरला देण्यात आले. चीनने कर्जाचा सापळा रचून बंदर घेतले, अशी समजूत सर्वत्र पसरली आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. पट्ट्याची रक्कम आल्यावर बंदराचे कर्ज फिटले नाही. ते सरकारच्या नावे तसेच राहिले, आणि आलेले डॉलर गंगाजळीस टेकू देण्याच्या उपयोगी पडले. मुख्य ओझे खुल्या बाजारात विकलेल्या रोख्यांचे होते, आणि ते घेणारे अनेक देशांतील गुंतवणूकदार होते. संशय रास्त असला तरी तो योग्य खात्यावर मांडला पाहिजे. परक्या सावकारास दोष देऊन स्वकीय कारभाऱ्यास मोकळे सोडणे हे राज्यकर्त्यांच्या नेहमीच सोयीचे असते.

कर्जापोटी ताबा गेल्याचे उदाहरण आपल्या घरातही आहे. हैदराबादच्या आणि वऱ्हाडच्या वाचकांस ते ठाऊक असेल. इंग्रज कंपनीच्या देखरेखीखालील कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहाने निजाम सरकारला वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या हाती द्यावा लागला. नाव निजामाचे राहिले, कारभार दुसऱ्याचा झाला. आणि १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडाने तो पट्टा कायमचा झाला. ते देणे फौजेचे होते, बंदराचे नव्हते, आणि तो सौदा बलवानाने दुर्बळाशी केलेला होता, हा भेद आम्ही विसरत नाही. परंतु एक साम्य उरतेच. कापसाची काळी जमीन कसणाऱ्या रयतेस त्या तहाविषयी कोणी विचारले नव्हते.

कर्जाचा न्याय

नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की माजी अध्यक्ष, त्यांचे दोघे बंधू आणि मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर ह्यांनी लोकांनी आपल्यावर टाकलेल्या विश्वासाचा भंग केला. दंड म्हणून काही मोठी रक्कम वसूल झाली नाही. फिर्यादींस खर्चापोटी दीड लाख रुपये देण्याचा आदेश झाला. तरी ह्या निर्णयाचे मोल आम्ही मोठे मानतो. सरकारी कर्ज हा केवळ धोरणाचा विषय नसून विश्वस्ताच्या कर्तव्याचा विषय आहे, असे त्यात मान्य झाले. देवस्थानाच्या किंवा धर्मशाळेच्या विश्वस्ताने उत्पन्न न पाहता निधीवर बोजा चढविला तर आपण त्यास जाब विचारतो. राज्याच्या विश्वस्तास निराळा न्याय का असावा?

न्याय्य बाजूही सांगितली पाहिजे. भाववाढ पुढे आटोक्यात आली, २०२४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न सुमारे पाच टक्क्यांनी वाढले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस परदेशी रोखेदारांशी तडजोड झाली. संकटाच्या वर्षी भारताने सुमारे ४०० कोटी डॉलरचे साहाय्य केले, हेही नमूद करावयास हवे. देश बुडाला नाही. पण सावरण्याची किंमत ज्यांनी भरली ते विमानतळ बांधणारे नव्हते.

आपल्यासाठी बोध

येथे आम्हांस आपल्याच वर्गाविषयी थोडे कटू बोलणे भाग आहे. २०१९ ची ती करकपात झाली तेव्हा कोलंबोच्या व्यापाऱ्याला आनंद झाला असेल. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हांसही झाला असता. कर कमी करा असा ठराव आपल्या मंडळांच्या सभांत होतो, आणि त्याच सभेत रस्ता रुंद करा, वीज अखंड द्या, बाजारपेठ बांधा असाही ठराव होतो. दोन ठरावांमधील अंतर कोणत्या पैशाने भरून निघणार, हे विचारावयास कोणी उठत नाही. ते अंतर कर्जाने भरते. म्हणजे कर्जाची मागणी आपणच करतो, फक्त तिचे नाव घेत नाही. मग अडीच वर्षांनी आठ टक्क्यांचा कर अठरा होण्याच्या वाटेस लागतो, गिऱ्हाईक निम्मे होते आणि माल बंदरात अडकतो. तेव्हा त्या सवलतीतून उरलेली शिल्लक कोठे दिसत नाही.

म्हणून कोणत्याही सरकारी कर्जाविषयी, मग ते केंद्राचे असो, राज्याचे असो वा आपल्या नगरपालिकेचे असो, चार प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. हे कर्ज कोणत्या उत्पन्नातून फिटणार? ते उत्पन्न आणि हे कर्ज एकाच चलनात आहेत काय? काम फळास येण्याची मुदत आणि कर्जाची मुदत ह्यांचा मेळ आहे काय? आणि उत्पन्न आले नाही तर फेड कोणाच्या खिशातून होईल? पेढीवर आलेल्या अनोळखी कुळास हे प्रश्न विचारल्यावाचून आपण दहा हजार रुपयेही देत नाही. आपल्या नातवंडांच्या नावे कोट्यवधींचे खत लिहिले जात असता मात्र गप्प बसतो, ही विसंगती आहे.

हे प्रश्न विचारणारा विकासाचा शत्रू ठरविला जाईल. मट्टलच्या विमानतळाविषयी आधीच शंका घेणाऱ्यास कोणी मान दिला नसता. तरीही विचारावे. ज्या देशात ते वेळेवर आणि शांतपणे विचारले जातात तेथे त्यांची उत्तरे अंदाजपत्रकात मिळतात. जेथे ते दाबले जातात तेथे ते एके दिवशी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात जाऊन विचारले जातात. दिवाळीला नवी वही घालताना जुन्या वहीची बाकी पुढे ओढावीच लागते. वही नवी असली तरी देणे जुनेच असते, हे व्यापाऱ्याच्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. तेच आपण बाजाराबाहेरही बोलून दाखवावे, एवढीच आमची विनंती आहे.